ओट्यावरचे उंदीर

मी एक जुनी घार आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. पिसं विरली आहेत आणि चोचीची धार बोथट झाली आहे, एवढंच सांगते. मित्रांनो, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर गोल गोल फिरणाऱ्या त्या आम्हीच. मेलेलं, कुजलेलं, वास मारणारं आम्ही खातो, म्हणून तुम्ही नाकं मुरडता. मुरडा बापडे! आम्ही चार दिवस संप केला ना, तर तुम्हाला नाकावरचा रुमाल काढता यायचा नाही.

माझा जन्म ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात, एका उंच माडाच्या शेंड्यावर झाला. घरटं काटक्यांचं, आत जाळ्याचे तुटके धागे आणि कुणाच्या तरी वेणीतली लाल रिबीन. लहानपणी आजी एकच गोष्ट सांगायची, तीही माझी झोप उडेपर्यंत. म्हणायची, "या आभाळात आपल्याहून मोठी गिधाडं होती गं. त्यांना कुणी दगड मारला नाही की जाळं टाकलं नाही. गुरांना दिलेलं औषध मेलेल्या गुरांच्या मांसात राहिलं, ते खाऊन बिचारी संपली." तेव्हापासून माझ्या पोटात एक भीती बसली आहे. आम्हाला मांस दिसतं, पण मांसातलं विष दिसत नाही.

माझ्या माडाखाली शांताबाई कोळणीचं घर आहे. घरापुढे मासळी साफ करायचा ओटा. शांताबाई म्हावरं कापायला बसली की पहिली आतडी आमच्यासाठी ओट्याच्या कडेला ठेवते. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं होतं. वर बघून हाक मारते, "ये गो बाय, ये! तुजा वाटा आदी ने." त्या हाकेवर मी लहानाची मोठी झाले. जगात कुठेही खाताना मी दहादा मान वळवून बघते, पण त्या ओट्यावर कधी बघितलं नाही.

तिचा मुलगा गुणाजी. मनानं वाईट नाही, पण भारी तापट. या हिवाळ्यात उंदरांनी त्याचं नवं जाळं कुरतडून पार चाळण केली. त्यानं विषाची पूड आणली, सुक्या जवळ्यात कालवली आणि जाळ्यांच्या खोपीत ठेवली. सकाळी खोपीत उंदीर मरून पडलेले. आता कोळीवाड्यात उरलंसुरलं, मेलंबिलं कुठे टाकतात? ओट्यावर. घारी नेतात. बापजाद्यांपासून हेच चालत आलं आहे. गुणाजीनं ते उंदीर शेपटीला धरून ओट्यावर आणून टाकले आणि वर बघून ओरडला, "या गो बायांनो, आज पार्टी हाय तुमची!" हौसेनंच ओरडला तो, खोटं कशाला बोलू?

मी तेव्हा घरट्यात होते. एकुलतं एक पिल्लू, अंगावर नुसती लव, आणि तोंड सदा उघडं. माझ्या जोडीदारानं एक उंदीर ओट्यावरच खाल्ला आणि दुसरा आमच्यासाठी वर आणला. मी उंदीर फाडला. पहिला घास चोचीत धरून पिल्लाकडे वळले. तेवढ्यात झावळीवर बसलेल्या जोडीदाराचे पाय सटकले.

घारीचे पाय कधी सटकतात का, मित्रांनो? झोपेतसुद्धा आमची पकड सुटत नाही. त्यानं पंख उघडले, पण ते उचललेच गेले नाहीत. मान एका बाजूला कलली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो खाली कोसळला. घास चोचीत तसाच होता आणि पायाशी पिल्लू तोंड वासून ओरडत होतं. मी तो घास थुंकला. उंदीर पायानं घरट्याबाहेर ढकलला. तो थेट शांताबाईच्या पुढ्यात, माझ्या जोडीदाराच्या शेजारी जाऊन पडला.

शांताबाईनं एकदा घारीकडे पाहिलं, एकदा उंदराकडे आणि मग ओट्याकडे. "गुणाजी! उंदरांना काय घातलंस रं?"

"विष," गुणाजी म्हणाला. "का गो आये?"

"आरं मेल्या, तेच घारींना वाढलंस? हिचा घोव गेला रं, वर पोर हाय तिचं!"

तोवर कोळीवाड्यावर घारी जमल्या होत्या. सगळ्या ओट्यावर झेपावत होत्या, कारण हाक तिथूनच आली होती. जन्मभर आम्हाला बोलावणारी ती बाई त्या दिवशी ओट्यावर उभी राहून काठी फिरवत होती, "जावा गो, जावा!" म्हणून किंचाळत होती आणि रडत होती. गुणाजीचं तोंड उतरलं होतं. त्यानं एकेक उंदीर गोळा केला, माडामागे खोल खड्डा खणला आणि पुरला. माझ्या जोडीदारालाही तिथेच पुरलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथे चोराबरोबर संन्याशालाही झाली.

मग खरी परीक्षा सुरू झाली. देवनारला जावं, तर मागे कावळे पिल्लाला टिपायला टपलेले. ओट्यावर जावं, तर पाय धजेना. शांताबाई हाका मारायची, आतडी ठेवायची, आणि ती तिथेच सुकायची. पिल्लाचा आवाज बारीक होत गेला. शेवटी शांताबाई ताजी मासळी घेऊन माडाखालीच बसली. "बघ गो बाय, तुज्यादेखत कापते," म्हणाली.

मी झेप घेतली आणि आतडी उचलली. घरट्यात येऊन अर्धी गिळली, अर्धी पायाखाली दाबून ठेवली. पिल्लू चोच मारत होतं, रडत होतं. मी दिलं नाही. मी मेले तर तेही मरणार, हे मला कळत होतं, पण माझ्या चोचीनं मारायचं नव्हतं. ऊन उतरेपर्यंत मी पाय सटकायची वाट बघत बसले. पाय सटकले नाहीत. मग पिल्लाला भरवलं.

मित्रांनो, उंदीर तुम्हाला छळतात, मला ठाऊक आहे. पण विषानं मेलेला उंदीर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. तुम्ही टाकलेलं कुणाच्या तरी घरट्यात जातं.

माझं पिल्लू आता माझ्याहून उंच उडतं. शांताबाई हाक मारते, तेही ओट्यावर उतरतं, वाटा उचलून माझ्याशेजारी येऊन बसतं. पण खात नाही. वाटा माझ्यापुढे ठेवतं आणि मी एक घास गिळला की माझ्या पायांकडे बघत राहतं.