माउलीच्या मुळांवरचा लोटा

भुजंगरावांना कीर्तनाचं एवढं वेड की सरकी-पेंडीच्या दुकानातसुद्धा ते गिऱ्हाइकाला आधी दृष्टान्त सांगत, मग पेंड देत. सेलूत त्यांनी ऑर्किड मंडळ काढलं तेव्हा त्यालाही देवळाचं वळण लागणारच होतं. घरामागच्या हिरव्या जाळीखाली मंडळाचं सगळ्यात जुनं रोप कोळशाच्या टोपलीत टांगलेलं होतं, खाली वाळू पसरलेली. त्याचं नाव माउली. नवा सभासद आला की त्यानं माउलीच्या मुळांवर लोटाभर पाणी घालायचं, मग भुजंगराव त्याला बुक्का लावून उराउरी भेटणार. बाईमाणूस असली तर बुक्का लावून नुसते हात जोडणार. झाला सभासद.

तीन वर्षं माउली ढिम्म होती. या श्रावणात मात्र तिला करंगळीएवढा दांडा फुटला आणि त्यावर तांदळाएवढ्या चार कळ्या धरल्या. भुजंगरावांचा पाय जमिनीवर ठरेना.

रविवारी मंडळाची सचिव रोहिणी आली. ती शेतीशाळेत शिकवायची. तिनं कोळशातली मुळं चिमटीत धरून पाहिली आणि तिचं तोंड उतरलं.

"काका, मुळं कुजायलीत. आता पंधरा दिवस थेंबभर पाणी नको. न्हाईतर कळ्या गळतील, अन् रोपही जाईल."

"अगं, पण उद्या भागम्माचं स्वागत हाय!"

"स्वागतानंच कुजलीत ती. दोन महिन्यांत नऊ सभासद केलेत तुमी."

भागम्मा किराणा दुकानवाली. महादेवाला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी. तिला पाणी घालू नका म्हणायचं कोणत्या तोंडानं? भुजंगरावांना रात्रभर सुचलं नाही, म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलंच नाही. चमचाभर घालू देऊ, देव सांभाळून घेईल, असं म्हणून ते मोकळे झाले.

सोमवारी सकाळी भागम्मा आली. मागं आळीतल्या बावीस बायका, महादेवाच्या देवळातून थेट, प्रत्येकीच्या हातात भरलेला लोटा.

"भुजंगअण्णा, एकटीनं काय यायचं? ह्या म्हणल्या, आमाला बी सभासद व्हायचंय."

मंडळाचे जुने सभासद चंद्रभान टेलर कोपऱ्यातून म्हणाले, "झालं. माउलीची आज जलसमाधी."

भुजंगरावांना एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी केली. चिपळ्या उचलल्या आणि उभे राहिले. कीर्तन चालू असताना कुणी उठत नाही, हा त्यांचा भरवसा. पूर्वरंग झाला. उत्तररंग लांबला. आख्यानातला राजा तीनदा वनात गेला आणि तीनदा परत आला. बायका लोटे मांडीवर घेऊन डोलायल्या होत्या. भागम्माची सून त्रिवेणी हळूच म्हणाली, "अत्या, कणीक भिजवायची राहिलीय."

तासाभरानं भागम्माच उठली. "अण्णा, वाणी लय गोड तुमची. पण लोटा धरून हात अवघडला. पाणी घालते, मग खुशाल गा."

तिनं लोटा उचलला. भुजंगरावांनी झेप घेतली आणि मुळांवर आपला तळवा आडवा धरला.

चिपळी खाली पडली. भागम्माचा चेहरा काळवंडला.

"का अण्णा? आमच्या हातचं पाणी चालत न्हाई?"

भुजंगरावांना वाटलं, कळ्या गेल्या तर जाऊ देत, पण हा सवाल घेऊन ही बाई घरी जाता कामा नये.

"अक्का, तुमच्या पाण्यात खोट न्हाई," ते म्हणाले, आणि कीर्तनातला आवाज कुठल्या कुठं गेला. "चूक माझी हाय. हिला देव समजून नऊ जणांच्या हातानं न्हाऊ घातलं. हिला काय सोसतं ते एकदा बी विचारलं न्हाई. ही मुळं बघा."

भागम्मानं बोट लावलं. मुळाची तपकिरी साल बोटाला चिकटून आली.

"आई गं! अन् एवढं सांगायचं सोडून तुमी आमाला तासभर वनात फिरवलं?"

त्रिवेणी फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. चंद्रभान तर रुमालात तोंड खुपसून बसले.

"पाणी वाया जाऊ देऊ नका," नुकतीच आलेली रोहिणी पुढं होत म्हणाली. "हिच्या मुळांवर नको, खालच्या वाळूत घाला. हिला हवेतला ओलावा लागतो. मी काकांना कधीची सांगायलेय."

तेवीस लोटे वाळूत रिते झाले. जाळीखाली गारवा पसरला. भुजंगरावांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, पण ते जागचे हलले नाहीत. तळवा अजून मुळांवरच होता.

मग त्यांनी बुक्क्याची डबी काढली. भागम्मानं हात आडवा केला आणि कनवटीची विभूती काढून त्यांच्याच कपाळावर ओढली.

"आता बसा गुमान," ती म्हणाली. "न्हाई न्हाई, बसू नका. ते राजाचं काय झालं शेवटी? अर्ध्यावर सोडलं तर पाप लागतं."

"कणीक..." त्रिवेणी म्हणाली.

"भिजंल कणीक," भागम्मा म्हणाली आणि ओल्या वाळूवर मांडी घालून बसली.