कवच किती सरकलं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला उगाच माझी दया यायला नको.

अंतराळातल्या दुर्बिणीसाठी वाटाड्या तारे निवडायचं काम मी करते. ज्याचा फोटो घ्यायचा त्याच्या शेजारचा एखादा साधा, शांत तारा दुर्बीण नजरेत धरून ठेवते, म्हणून ती हलत नाही. त्या वेळी मी निवडलेला तारा यादीत एक होता, प्रत्यक्षात एकमेकांना खेटलेले दोन निघाले. दुर्बीण याला धरू की त्याला धरू करत बसली आणि ठरलेली वेळ संपली. हाती आल्या नुसत्या रेघोट्या. फोटो काकांच्या ताऱ्याचा होता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मभर एकाच राक्षसी ताऱ्याच्या मागे लागलेले. सूर्याच्या कित्येक पट जड असलेल्या त्या ताऱ्याने कधीतरी भडकून अंगावरचा वायू बाहेर फेकला होता आणि त्याचं कवच अजून त्याच्याभोवती आहे. ते कवच अजूनही बाहेर सरकतंय, असं काकांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलं. बाकीचे म्हणाले, कधीच थांबलं. परिषदेत लोक तोंडावर हसायचे. "हसा लेको," काका म्हणायचे, "वीस वर्षांनी पुन्हा फोटो काढू." त्यांचं खरं असेल तर मोठ्या प्रिंटवर तांदळाच्या दाण्याएवढा फरक दिसायला हवा होता.

फोटो पुन्हा मिळणार होता, पण तारा टप्प्यात यायला पाच महिने होते. काका अंथरुणाला खिळलेले, आणि डॉक्टर सहा आठवड्यांपलीकडचं बोलायला तयार नव्हते. काकू रोज फोनवर विचारायची, "आला का गं?" एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, "आला."

मग निस्तरणं आलं. वीस वर्षांपूर्वीचा फोटो शोधून काढला, स्वच्छ केला, नवे रंग चढवले. रंग काय, तसेही आम्हीच देतो. कवच जरा बाहेर ढकलावं असंही मनात आलं, पण हात धजावला नाही. मापात खोट करायची नाही म्हणे! एवढीच लाज शिल्लक होती. वाटलं, काका डोळे भरून बघतील आणि सुखाने पडून राहतील. मोजायची ताकद आता कुठे उरलीय त्यांच्यात?

"या साहेब," पलंगावरून काका म्हणाले. लहानपणी मी सगळ्या घरावर हुकूम सोडायचे, तेव्हापासून मी साहेब. नाकातली नळी सावरत त्यांनी प्रिंट मांडीवर घेतली आणि बराच वेळ बघत राहिले.

"देखणा आहे लेकाचा!"

मी सुटले असं मला वाटलं. तेवढ्यात ते काकूला म्हणाले, "अगं, कपाटातली ती फाइल दे."

फाइलमधून प्लास्टिकचा पारदर्शक कागद निघाला. जुन्या फोटोवरून काळ्या पेनने गिरवलेली कवचाची कड त्यावर होती. काकूने कोपरे धरले. त्यांनी आजूबाजूचे चार तारे जुळवले. काळी रेघ कवचाच्या कडेवर तंतोतंत बसली. बसणारच होती.

त्यांनी भिंग मागितलं आणि सगळ्या कडेवरून एकदा फिरवलं.

"थांबलंय," ते म्हणाले. "हलत नाही."

"काका, हा जुनाच फोटो आहे." मी सगळं ओकले. दोन तारे, रेघोट्या, रंग. रडत रडत सांगितलं. ते इतक्या मायेने ऐकत होते की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, माझं समाधान करायला खोटं बोलू नकोस. आपल्या कामात ते बसत नाही."

दुसऱ्या दिवशी रेघोट्या नेऊन दाखवल्या. "असले बिघडलेले फोटो ढिगाने असतात," म्हणाले. ऑफिसचं पत्र आणते म्हटलं, तर म्हणाले, "सगळे मिळून मला खेळवू नका." मग त्यांनी मला नियतकालिकाला पाठवायच्या पत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली: वीस वर्षांपूर्वीचा माझा निष्कर्ष चुकीचा होता, तो मी मागे घेतो. मी लिहायला नकार दिला, तेव्हा काकूने लिहिलं. त्यांनी सही केली.

"तुझीही वीस वर्षं माझ्यापायी फुकट गेली," ते काकूला म्हणाले.

"गप पडा हो," काकू म्हणाली आणि पत्राचं पाकीट घेऊन बाहेर गेली.

चौथ्या आठवड्यात काका गेले. नियतकालिकाच्या संपादकांना मी कळवून पाहिलं. लेखकाच्या सहीपुढे आमचा इलाज नाही, असं उत्तर आलं आणि पुढच्या अंकात पत्र छापून आलं.

पाच महिन्यांनी फोटो आला. या वेळी वाटाड्या तारा मी तीनदा तपासला होता. प्रिंट घेऊन काकूकडे गेले, फाइल मागितली, चार तारे जुळवले. कवच रेघेच्या बाहेर होतं. सगळ्या बाजूंनी, तांदळाच्या दाण्याएवढं.

रेघ आणि कड यांच्यामधल्या जागेवरून काकूने बोट फिरवलं.

"म्हणजे त्यांचंच बरोबर होतं?"

"हो, काकू."

"हा तरी खरा आहे ना गं?"

"खरा आहे. शप्पथ."

ती फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"शप्पथ राहू दे. मागच्या वेळीही तू ‘आला’ म्हणाली होतीस," ती म्हणाली आणि प्लास्टिकचा कागद घडी पडू न देता फाइलमध्ये ठेवून दिला.