वेळ घेऊन भेटलेली आत्या

भाचा आत्याकडे राहून शिकत होता. विषय होता सार्वजनिक धोरण. म्हणजे नेमकं काय, हे त्याने काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, कितीदा तरी समजावलं होतं, पण कोणी विचारलं की काका आपले सांगायचे, "सरकारचं कुठं चुकलं ते शोधतो." आत्याने तर त्याचं नावच विद्वान ठेवलं होतं. "विद्वान, चहा गार होतोय." "विद्वान, ओला टॉवेल पलंगावर टाकायचं धोरण कोणाचं?"

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी त्याने बसथांबे निवडले. शहरातल्या थांब्यांवरची बाकं काही वर्षांपूर्वी काढून टाकली होती. ती का काढली आणि त्यामुळे कोणाचे काय हाल झाले, हे त्याला शोधायचं होतं. कित्येक दिवस तो थांब्याथांब्यावर उभा राहून लोकांना बोलतं करत होता. एक गरोदर बाई म्हणाली, "मी बस येईपर्यंत समोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उगाच गोळ्यांचे भाव विचारते. तिथं स्टूल आहे म्हणून."

हे ऐकून भाच्याचं डोकं फिरलं. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "ज्या कोणी हे ठरवलं ना, त्याने जन्मात कधी बसची वाट पाहिली नसणार."

आत्याने त्याच्या ताटात भाजी वाढली. "अजून घे," एवढंच म्हणाली. आत्या नगरपालिकेत चांगल्या हुद्द्यावर होती, पण पाणीपुरवठा खात्यात. तिचा बसथांब्यांशी काय संबंध, असं भाचा धरून चालला होता.

पुढच्या आठवड्यात तो बस आगारातल्या एका निवृत्त नियंत्रकांना भेटला. ते मोकळेपणाने बोलत होते. "तेव्हा वाहतूक खात्यात एक मॅडम होत्या. कामाला वाघ. सही करताना जीभ दाताखाली धरायच्या, शाळेतल्या पोरीसारखी. बाकांचा निर्णय त्यांचाच. आता पाण्याकडे गेल्यात म्हणे."

भाच्याचं पेन जागच्या जागी थांबलं. सही करताना जीभ दाताखाली धरणारी बाई तो रोज घरी पाहत होता. दूधवाल्याच्या हिशेबावरसुद्धा ती तशीच सही करायची.

तो मार्गदर्शक बाईंकडे गेला आणि सगळं सांगून विषय बदलू का, असं विचारू लागला. बाई हसल्या. "नातं माझ्यापासून लपवलं नाहीस, बरं केलंस. आता मुलाखत घे. उत्तर देणाऱ्याचं नाव मात्र कुठंही फोडायचं नाही, घरातसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या डबा भरत होती. भाच्याने घसा खाकरला. "आत्या, ती बाकं..."

"कळलं का शेवटी?" तिने डब्याचं झाकण लावलं. "घरी मी तुझी आत्या. प्रबंधाचं काम असेल तर कार्यालयात वेळ घेऊन ये."

"पण तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू तर निकाल देऊन मोकळा झाला होतास."

काका वर्तमानपत्रामागे खुसखुसले.

भाचा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. शिपायाने त्याला बाहेर ताटकळत ठेवलं. आत गेल्यावर आत्याने मान वर केली. "या, बसा. कुठल्या महाविद्यालयातून आलात?"

त्याला हसू फुटलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आत्या..."

"मॅडम म्हणा."

मग मात्र तो सरळ बसला. त्याचा आवाज पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला यावा तसा बारीक निघाला. "मॅडम, बाकं काढायचं का ठरलं?"

"दुकानदारांच्या तक्रारी होत्या. टवाळ पोरं दिवसभर ठाण मांडून बसतात, बायकांना तिथं उभं राहवत नाही. तक्रार खोटी नव्हती. मीही अशाच एका थांब्यावर मान खाली घालून उभी राहायचे."

हा जबाब भाच्याच्या हिशेबातच नव्हता. जन्मात कधी बसची वाट न पाहिलेला तो अधिकारी समोर बसला होता आणि थांब्याबद्दल त्याच्यापेक्षा जास्त सांगत होता.

"मग पोरं गेली?"

"शेजारच्या दुकानाच्या पायऱ्यांवर गेली, असं कानावर आलं."

"बाकं काढल्यावर तुम्ही स्वतः पाहायला गेलात?"

पंख्याने टेबलावरचे कागद फडफडत होते. तिने त्यांच्यावर हात ठेवला. "नाही. त्याच सुमारास मला कार्यालयाची गाडी मिळाली." मग त्याच्या पेनाकडे बोट दाखवून म्हणाली, "लिहा की. मुलाखत घेताय ना?"

त्या रात्री जेवताना तिनेच विषय काढला. "काय रे, भेटली का ती बाई? कशी आहे?"

"सांगता येणार नाही," भाचा मान खाली घालून म्हणाला. "गोपनीय आहे."

काकांना ठसका लागला.

प्रबंध सादर करायच्या दिवशी आत्या शेवटच्या रांगेत येऊन बसली. परीक्षक म्हणाले, "अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे हात झटकले असतील."

"नाही सर," भाचा म्हणाला. "बाकीच्यांनी झटकले. पण ज्यांनी निर्णय घेतला, त्यांनी सरळ सांगितलं की नंतर आम्ही पाहायला गेलो नाही. शिवाय बायकांची अडचण खरी होती. माझ्या पहिल्या मसुद्यात ती नव्हती. लोकांना काय विचारायचं ते मी आधीच ठरवून बसलो होतो."

शेवटच्या रांगेत आत्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधूनही ते तिला सापडलं नाही.

पुढे तिनेच तो प्रबंध वाहतूक खात्यातल्या सहकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याने कुरकुर केली, पैसे नाहीत म्हणाला, मग मोजक्या थांब्यांवर बाकं बसवायला तयार झाला. या वेळी बाकं दुकानांच्या समोर, दिव्याखाली बसवली. म्हणजे बसणारा सगळ्यांच्या नजरेत राहील.

एका संध्याकाळी भाच्याचा फोन वाजला. आत्या होती. गाडी सोडून थांब्यावर आली होती.

"विद्वान, बाकावर दोन पोरं, एक आजोबा आणि आजोबांची पिशवी बसलीय. पिशवीबद्दल काही धोरण आहे का?"

"मांडीवर घ्या म्हणावं."

"म्हटलं. तर म्हणाले, तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

"मग?"

"काय सांगणार? प्रवासी आहे म्हटलं." पलीकडे हॉर्न वाजला. "थांब, आजोबा सरकतायत. ठेवते."