क्लॅरिनेटच्या खोक्यातली वीट

मी एक वीट बोलतेय. साधी, लाल, भाजलेली वीट. माझ्या जातीतल्या एकीला पंढरपुरात देवाचे पाय लाभले. बाकीच्या लाखो जणींना कुणाच्या ना कुणाच्या घराची भिंत लाभली. माझ्या वाट्याला पुठ्ठ्याचं खोकं आलं, आणि ते मी कुणाच्या दारात नेऊन पोचवलं हे सांगताना मला अजून लाज वाटते.

माझा जन्म मोडनिंबजवळच्या वीटभट्टीवरचा. चिमाबाई नावाच्या बाईने मला साच्यातून काढलं. मी ओली असताना तिचा अंगठा माझ्या कडेला रुतला, त्याची खूण अजून आहे. वीट उन्हात मांडताना ती पुटपुटायची, "जा बाई, कुनाचं तरी घर उबं कर." स्वतः ती पाचटाच्या खोपीत राहायची. तिचं बोलणं मी खरं मानलं. भट्टीत भाजताना, ट्रकमध्ये आदळताना, पुण्याकडच्या एका बांधकामावर उतरताना मला एकच ठाऊक होतं, की आपल्याला भिंतीत जायचं आहे.

भिंत पुरी झाली आणि मी उरले. उरलेल्या विटेला कोण विचारतो? वर्षभर पार्किंगच्या कोपऱ्यात पडून होते. मग एके दिवशी एका माणसाने मला उचललं, हातावर तोलून पाहिलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि खोक्यात घालून वर चिकटपट्टी मारली. त्याचं नाव सांगता येणार नाही, कारण त्याने लावलेलं नाव खरं नव्हतं. मला वाटलं, कुठल्यातरी मोठ्या घरी जायचं असणार, म्हणून एवढी बडदास्त. अशी मी खुळी.

खोकं उघडलं ते सोलापुरात, बेगम पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात. उघडणारा साठीपलीकडचा होता. त्याचं नाव इलाहीबक्ष. त्याने आधी हात धुतले, जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली, बिस्मिल्ला म्हटलं. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेली ती बोटं माझ्यावरचा कागद सोडवायला लागली. तान्ह्या बाळाचं दुपटं सोडवावं तसा त्याने तो सोडवला. आणि आत मी.

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने खोक्यात हात घालून चारही कोपरे चाचपले आणि मुलीला, झीनतला, म्हणाला, "बेटा, खाली अजून कायतरी आसंल की." खाली काही नव्हतं.

यामागची हकीकत मला तिथेच कळली. त्या घरात आठ दिवस दुसरं बोलणंच नव्हतं, आणि मी दाराशी पडून ऐकत होते.

इलाहीबक्षचा धाकटा भाऊ सरफराज. दोघे भाऊ एकाच बँडमध्ये, शेजारी उभे राहून क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराई संपली की सरफराज यंत्रमागावर कामाला जायचा. टाळेबंदीत लग्नं थांबली, बँड थांबला आणि त्यातच सरफराजला श्वास पुरेना. दवाखान्यासाठी इलाहीबक्षने भावाचं क्लॅरिनेट विकलं. तरी भाऊ राहिला नाही. जाताना त्याने एकच मागितलं, "भाई, माज्या आरजूच्या बिदाईला माजंच क्लॅरिनेट वाजव." ते विकलंय, हे सांगायची हिंमत मोठ्या भावाला झाली नाही. तो हो म्हणाला.

आता आरजूचं लग्न तोंडावर आलं होतं. अशात एका लिलावाच्या साइटवर झीनतला जुनं क्लॅरिनेट दिसलं. सोबत एक छोटा व्हिडिओ होता. त्यात चेहरा नव्हता, नुसती वाजवणारी बोटं होती. तिने तो बापाला ऐकवला.

इथे या माणसांची रीत सांगायला हवी. जुने बँडवाले वाद्य विकत घेताना ते बघत नाहीत. वाजवायला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. लाकडाला पॉलिश करता येतं, आवाजाला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. इलाहीबक्षने डोळे मिटून फोन कानाशी धरला. खालच्या सुराला बारीकशी हवा निसटत होती. तशी ती एकाच क्लॅरिनेटात निसटायची.

"सरफूचंच हाय," तो म्हणाला. "घे."

झीनत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात काम करते, व्यवहार जाणते. ती म्हणाली, "अब्बा, हा माणूस साइटवर नवा हाय. त्याच्याकडनं आजवर कुणी काय घेतलेलं न्हाय, चांगलं-वाईट कुणी काय लिहिलेलं न्हाय. आजचा पेपर शेजारी ठेवून फोटो पाठव म्हणू त्याला."

"आवाज ऐकल्यावर सवाल करत न्हाईत बेटा. वाद्याचा अपमान हुतो."

मग बोली चढायला लागली. कुणीतरी सारखं एक पायरी वर जात होतं. तोही त्याच भामट्याचा दुसरा अवतार असावा. तेवढ्यात विकणाऱ्याचा निरोप आला, की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, पण तुम्ही साइट सोडून थेट मला पैसे पाठवलेत तर माल तुमचा.

"साइटवरनं दिले तर माल हातात येईस्तोवर पैसे त्येंच्याकडं ऱ्हातात," झीनत म्हणाली. "थेट दिले की गेले."

"आन् क्लॅरिनेट गेलं तर?"

तिने पैसे पाठवले. आणि मी आले.

सायबर पोलिसांत तक्रार झाली. त्यासाठी माझा फोटो काढला. जन्मातला माझा पहिला फोटो, तोही पुरावा म्हणून. झीनत मला उकिरड्यावर टाकायला निघाली तेव्हा इलाहीबक्ष म्हणाला, "ऱ्हाऊ दे. माजी अक्कल मला रोज दिसू दे." तो जेवायला बसला की त्याची नजर माझ्यावर पडायची आणि हातातला घास हातातच राहायचा. भट्टीतल्या आगीत मला एवढं भाजलं नव्हतं.

शेवटी आरजूला सगळं सांगावंच लागलं. क्लॅरिनेट विकल्याचंही आणि फसल्याचंही. इलाहीबक्ष मान खाली घालून बसला होता. आरजू म्हणाली, "बडे अब्बा, विकलं ते अब्बांसाठीच की." मग तिने तो व्हिडिओ मागितला.

ती काही वाजवणारी नव्हती. तिने डोळे उघडे ठेवून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. मग फोन चुलत्यासमोर धरला. "डोळं उगडा. ह्ये बोट बघा."

एका बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. यंत्रमागात सापडून फुटलेलं नख.

"अब्बांचा हात हाय ह्यो."

त्या भामट्याकडे क्लॅरिनेट कधी नव्हतंच. मंद्रूपच्या एका जुन्या लग्नाचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता, त्यातला तुकडा त्याने कापून घेतला होता. झीनतने शोधशोधून पुरा व्हिडिओ काढला. त्यात सरफराज होता, घामाने निथळत, हसऱ्या डोळ्यांनी शेजारी बघत वाजवणारा. आणि शेजारी इलाहीबक्ष होता, आपली पाळी येईपर्यंत डोळे मिटून ऐकत उभा.

"तो माज्याकडं बगत वाजवायचा," इलाहीबक्ष म्हणाला. "आन् मी येवढी वर्षं बाजूला उबा. एकदाबी बघितलं न्हाय." आणि तो ढसाढसा रडला.

बाबांनो, मी वीट, मला काय कळतं? पण ज्या खोक्यातून मी आले त्याची आण घालून सांगते. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला प्रश्न विचारायला लाजू नका. आजचा फोटो मागा. घाई करणाऱ्याला म्हणावं, दे जा दुसऱ्याला. साइट सोडून पैसे देऊ नका. आणि ज्या वस्तूत जीव अडकलाय, ती घेताना तर एखादा परका माणूस शेजारी बसवा, कारण आपले डोळे तेव्हा मिटलेले असतात.

परवा आरजूची बिदाई झाली. अंगणात स्टुलावर फोन ठेवला, तो उभाच राहीना, सारखा घसरायचा. झीनतने इकडेतिकडे बघितलं आणि मला उचलून आणलं. माझ्या अंगाला टेकवून फोन उभा केला. आतून सरफराज वाजवायला लागला. फोनचा आवाज तो केवढासा. इलाहीबक्षने आपलं क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि भावाचा सूर झाकणार नाही इतकं हळू वाजवलं. डोळे उघडे ठेवून, फोनमधल्या भावाकडे बघत. आरजू गाडीत बसली. फोनमधलं भावाचं वाजवणं संपलं, तरी इलाहीबक्ष गाडी दिसेनाशी होईपर्यंत एकटा वाजवत राहिला.

चिमाबाई, घर काही मी उभं केलं नाही गं. तेवढा वेळ एका बापाला उभं धरलं.