तोंडी परीक्षेतला भाऊ

स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत मी वर्गात पहिली आले. बाईंनी विषय दिला होता, 'माझं कुटुंब'. आमच्या घरात सांगण्यासारखं काय कप्पाळ घडतं? पण शाळेचे जिने पुसणाऱ्या मावशींची मायबोली स्पॅनिश. महिनाभर शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर एकेक पायरी उतरत बडबडायचे आणि त्या हातातलं फडकं न थांबवता माझ्या चुका सुधारायच्या. एकदा त्यांनी नदीत बुडालेल्या आपल्या मुलाबद्दल सांगितलं. मी ते शब्दन् शब्द घोकलं आणि परीक्षेत त्याला सरळ माझा धाकटा भाऊ करून टाकलं. बाईंनी डोळे टिपले आणि पैकीच्या पैकी मार्क दिले.

वर्गाचं दार उघडंच होतं. बाहेर मावशी फरशी पुसत होत्या.

"ऐकलंत ना?" मी उड्या मारत विचारलं. "कुठे चुकले का?"

मावशी बराच वेळ फडकं पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकदाच. तो सहा वर्षांचा होता. तू आठ म्हणालीस."

"असू दे हो, मावशी," मी म्हटलं. "मार्क थोडेच कापले!"