जळगावातलं चांगलं जपानी हॉटेल

जळगावात मी भर उन्हात चांगलं जपानी हॉटेल शोधलं, आणि तेही एका मेलेल्या माणसाला जेवू घालायला. आधीच सांगून ठेवतो, हे कोणी खरं मानणार नाही. आमच्या गावात तर नाहीच. तिथे मी नुसतं ‘आभाळ आलंय’ म्हटलं तरी लोक आधी वर बघतात आणि मग माझ्याकडे बघून हसतात. रावेरला मी एकदा केळीचा असा घड पाहिला होता की तो उतरवायला ट्रॅक्टर जुंपावा लागला. तेवढ्या एका घडापायी माझं नाव कायमचं खराब झालं.

पण प्रेमराजच्या दहाव्याची गोष्ट त्या घडासारखी नाही.

प्रेमराज माझ्या अमृतचा थोरला. अमृत माझा लहानपणापासूनचा जोडीदार, तो जाऊन बरीच वर्षं झाली. प्रेमराज शिकला, जपानला गेला, तिकडे मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सात वर्षं राहिला. लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरत होतं. एका सकाळी तो कामावर आला नाही म्हणून सोबतची माणसं खोलीवर गेली, तर झोपेतच गेलेला. तिकडेच अग्नी दिला. घरी आली ती एक पेटी, पांढऱ्या कापडात बांधलेली. त्या कापडाची गाठ इतकी नीट होती की धाकटा अभिमन ती सोडायला बसला आणि तसाच हात लावून बसून राहिला. शेवटी यशोदाबाईनंच ती सोडली. आईच ती. रडली नाही. कापडाची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

दहाव्याला आम्ही गिरणेवर गेलो. आमच्यात त्या दिवशी बायका नदीवर येत नाहीत. गुरुजींनी पिंड मांडले. पानावर प्रेमराजच्या आवडीचं सगळं ठेवलं: वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, जिलेबी. आम्ही मागे सरलो.

कावळा बाभळीवर होता. एकच, पण चांगला धडधाकट. तो पानाकडे बघायचा, मान वाकडी करायचा आणि जागचा हलायचा नाही.

मग सुरू झालं ते तुम्ही कुठल्याही नदीवर पाहिलं असेल. एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. काका म्हणाला, “प्रेमराज, आईची काळजी करू नको, आम्ही आहोत.” मामा म्हणाला, “अभिमनला शिकवू.” अभिमन म्हणाला, “दादा, विहिरीवरचं शेत मी विकणार नाही.” कावळा पंख साफ करत बसला. मीही बोललो. काय बोललो ते माझ्यापाशीच राहू द्या.

ऊन चढलं. अभिमननं घरी फोन लावला.

“आई, शिवत नाही. त्याचं काय राहिलं असेल?”

 पलीकडून यशोदाबाईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. “पोर्‍या सात वरीस तिकडे जेवना. तुम्ही त्याले आठलं काय वाढी राह्यनात? तिकडलं आना. जपानी. अन् चांगलं हॉटेल देखी आना, कोठलं बी नको.”

पोरगं सात वर्षं तिकडचं जेवलं आणि तुम्ही त्याला इथलं वाढता, असं ती म्हणत होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. काकानं माझ्याकडे पाहिलं. गावात काही अशक्य आणायचं असलं की सगळे माझ्याकडे बघतात. माझ्या गोष्टींवर विश्वास नाही, पण माझ्या तोंडावर आहे.

कौतिकची रिक्षा होती. निघालो. कौतिक म्हणाला, “नाना, जपानी म्हणजे चायनीजच ना?”

“कौतिक, तू गुजराती का रे?”

“मी कशाला गुजराती?”

“धुळ्याच्या पुढे गेलं की गुजरात लागतो. शेजारी राहिलं की एकच होतं म्हणतोस, म्हणून विचारलं.”

 त्यानं रिक्षा अशी पळवली की वाटेत दोन एसट्या आम्हाला मागे दिसल्या आणि त्यातली एक पाचोऱ्याहून आदल्या दिवशी निघालेली होती.

स्टेशनजवळच्या गाडीवाल्यानं सांगितलं, “मंचुरियन आहे. पाटी बदलून देतो.” कॉलेजकडच्या एका काचेच्या हॉटेलात टोपी घातलेला मुलगा म्हणाला, “सुशी फक्त रविवारी. आधी सांगावं लागतं.” मी म्हटलं, “आम्हालाही आधी कोणी सांगितलं नाही बाबा.” त्याला ते कळलं नाही आणि मला समजावून सांगवलं नाही.

मग आम्ही कन्हैयालाल शेठच्या हॉटेलात शिरलो. शुद्ध शाकाहारी, गार हवा, काउंटरवर गणपती आणि शेजारी महावीरांचा फोटो. मेन्यूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं.

“शेठ, जपानी मिळेल?”

“मिळेल म्हणजे काय! जैन जपानीसुद्धा आहे. कांदा नाही, लसूण नाही.”

कौतिकनं विचारलं, “जपानी लोकांत जैन असतात?”

“गिऱ्हाइकांत असतात,” शेठ म्हणाला.

ताटली आली. भाताच्या गोल चकत्या, आत पनीर आणि बीट, वरून पांढरा सॉस, आणि त्यावर बारीक शेव. मी एक चकती खाल्ली. चव वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं.

“बांधून घेऊ नाना, उशीर होतोय,” कौतिक म्हणाला. “कावळ्याला काय कळतंय!”

“कावळ्याला?” शेठनं विचारलं.

मी सांगितलं. काही जोडलं नाही, काही वाढवलं नाही. माझ्या मित्राचा मुलगा, जपानात गेला, आज दहावा, नदीवर पान वाढलंय, कावळा शिवत नाही.

कन्हैयालाल शेठ काउंटरमागून उठून आला. त्यानं आमच्या पुढची ताटली उचलली आणि वेटरच्या हातात दिली.

“हे नका नेऊ.”

“का? जपानी म्हणालात ना?”

“पोरं फोटो काढतात, वाढदिवस करतात, त्यांच्या हौसेसाठी हे ठीक आहे. आमच्यात पिंड ठेवत नाहीत, नाना, मला तुमचं शास्त्र माहीत नाही. पण धंद्याचं एक माहीत आहे. जो तक्रार करायला परत येऊ शकत नाही, त्याला असा माल द्यायचा नाही.” मग म्हणाला, “तो काय खायचा तिकडे? विचारा ना घरी.”

मी यशोदाबाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. ती सांगत होती आणि शेठ मान खाली घालून ऐकत होता.

प्रेमराजच्या खोलीखाली एका म्हातारीचं लहानसं हॉटेल होतं. रविवारी तो तिथे जेवायचा. म्हातारी गरम भात हातात घेऊन दाबायची, त्याचा मुठीएवढा गोळा करायची, आत एक आंबट वाळलेलं फळ ठेवायची आणि बाहेरून समुद्रातल्या काळ्या पानाची पट्टी लावायची. बस, एवढंच. प्रेमराज फोनवर हसत म्हणाला होता, “आई, पहिल्यांदा तिनं पुढे ठेवला ना, मला वाटलं माझ्यापुढे पिंडच ठेवला.”

“मी त्याले लई बोलनू, नाना,” यशोदाबाई म्हणाली. “म्हटलं, असं अभद्र बोलू नको. तो हासना. म्हणे, आई, एकदा तुले खाऊ घालसू.”

मी फोन ठेवला. बाजूच्या टेबलावर एक मुलगी पाव खाता खाता थांबली होती.

कन्हैयालाल शेठनं चपला काढल्या आणि स्वतः स्वयंपाकघरात गेला. मीही गेलो. आचाऱ्याला त्यानं बाजूला केलं. भात नवा लावला. काळ्या पानाचं पाकीट त्याच्या मुलीनं, रिद्धीनं मुंबईहून मागवलेलं होतं, ते फोडलं. आंबट फळ नव्हतं. डब्यातून आमसूल काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “चालेल?” मी मान हलवली. मिठाच्या पाण्यानं हात ओले करून तो भात दाबू लागला. पहिला गोळा फुटला. दुसरा वाकडा झाला. तिसरा झाला तेव्हा त्याचे तळहात लाल होते आणि कपाळावरचा घाम तो खांद्याला पुसत होता. पैशाचं मी नाव काढलं तर म्हणाला, “नाना, नदीवर पोचा आधी.”

आम्ही पोचलो तेव्हा सगळे बाभळीखाली उकिडवे बसले होते. अभिमननं पुडकं सोडलं. पिंडाच्या शेजारी त्यानं तो गोळा ठेवला. दोन्ही भाताचेच, दोन्ही मुठीएवढे. एकावर काळे तीळ, एकावर काळं पान. गुरुजींनी पाहिलं आणि काही विचारलं नाही.

आम्ही मागे सरलो.

कावळा उतरला. खरंच उतरला. पानापासून हातभर अंतरावर दगडावर बसला. अभिमननं माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं. कावळ्यानं एका डोळ्यानं पिंड पाहिला, मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं शेठचा गोळा पाहिला. मग उडाला. बाभळीवर नाही बसला. नदी ओलांडून पलीकडच्या केळीच्या बागेवरून गेला तो गेलाच.

खूप वाट पाहिली. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. शास्त्रात आहे तसं. दर्भाच्या चोचीनं पिंडाला शिवलं आणि सगळं पाण्यात सोडलं. काळं पान थोडा वेळ पाण्यावर दिसलं.

परतताना अभिमन म्हणाला, “नाना, आईला तुम्ही सांगा.”

“काय सांगू?”

“शिवला म्हणून सांगा. आम्ही सांगितलं तर तोंडावर दिसेल. तुम्हाला सवय आहे.”

तो टोमणा नव्हता. पोरगं विनवत होतं. काका आणि मामा दुसरीकडे बघत होते.

यशोदाबाई ओट्यावर बसली होती, भोवती बायका. ते पांढरं कापड अजून मांडीवरच. मी समोर टेकलो.

“मिळालं?” तिनं विचारलं.

“मिळालं म्हणजे! वहिनी, मेहरूणच्या तलावाकाठी एक जपानी म्हातारी आहे, खुद्द तिकडची. हॉटेल केवढंसं, पण बाहेर रांग पार हायवेपर्यंत. इथे येऊन तिला इतकी वर्षं झाली की आता नऊवारी नेसते. नाकात नथ, आणि नथीचा मोती एवढा मोठा की बोलताना तिला एका हातानं धरावा लागतो.”

कोपऱ्यातली सुगंधाबाई पदर तोंडावर घेऊन हसली. दहा दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. मला जोर आला.

“मी म्हटलं, आजी, आमच्या प्रेमराजसाठी पाहिजे. तिनं रांगेतल्या सगळ्यांना हाकलून दिलं. एका कलेक्टरलासुद्धा. म्हणाली, आज फक्त प्रेमराज जेवणार.”

“हात धुतले व्हते का तिनं?” यशोदाबाईनं विचारलं.

“धुतले. मिठाच्या पाण्यानं. भात गरम होता, तिचे तळहात लाल झाले. पहिला गोळा फुटला, दुसरा वाकडा झाला, तिसरा जमला.”

ती मान हलवत ऐकत होती. ओठ किंचित सैल झाले होते. कापडावरचा हात थांबला होता.

“अन् मंग?”

“मग नदीवर नेला. पानावर ठेवला.”

“अन् मंग?”

“मग कावळा शिवला,” मी म्हटलं.

बायकांनी हात जोडले. अभिमन दारातून आत गेला. यशोदाबाई माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कोणी कधी बघितलं नसेल.

“नाना,” ती म्हणाली, “त्या म्हातारीले तुम्ही लुगडं नेसाडं, नाकमा नथ घाली, कलेक्टरले हाकली दिना. अन् मना प्रेमराजना कावळाले एक पंख बी नही दिना? कावळा शिवनाच नही, नाना.”