हा कोपरा पुसू नये

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. रंगाने आता काळा कमी आणि राखाडी जास्त. पण फळा व्हायच्या आधी मी दार होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. माझ्या डाव्या कडेला अजून एक भोक आहे. तिथे माझी कडी असायची. मुलं त्यात खडूचे तुकडे खुपसून ठेवतात. मला गुदगुल्या होतात, पण मी गप्प राहतो. फळ्याला वाचता येतं, बोलता येत नाही. माझं सगळं दुखणं एवढ्यातच आलं.

दार होतो तेव्हा काम सोपं होतं. ओळखीची हाक आली की उघडायचं, अनोळखी आली की कडी घट्ट धरून बसायचं. पुढे त्या घरातली माणसं दुसरीकडे राहायला गेली आणि सुतारकाकांनी मला बिजागऱ्यांसकट उतरवून खांद्यावर घेतलं. सायकलच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथे बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी मुलांचा गट भरायचा. काकांनी माझ्यावर रंधा मारला, काळ्या रंगाचे तीन हात दिले, मला भिंतीवर ठोकलं आणि पाठीवर थाप मारावी तशी माझ्यावर थाप मारली. म्हणाले, "आता उघडमीट बंद. आता नुसतं लिहून घ्यायचं."

मी लिहून घेतलं. नाटकातली वाक्यं घेतली, कॅरमचे गुण घेतले, कुणाच्या सायकलची चेन कशी बसवायची त्याचं चित्र घेतलं. सगळं झालं की मुलं ओल्या फडक्याने मला पुसायची आणि ओरडून म्हणायची,

पुसू या गं, पुसू या, काळं अंगण पुसू या,
कालचं कालला देऊ या, आजचं इथे मांडू या.

फडकं गार लागायचं. वाटायचं, आपल्याइतकं सुखी कुणी नाही.

मग गटाला एक ताई मिळाली. दिवसा ती दवाखान्यात मलमपट्टी करायची, म्हणून तिच्या बोटांना औषधाचा वास यायचा. तिने गटाची वेबसाइट काढली. माझ्या समोरच्या टेबलावर एक संगणक आला, आणि माझ्या अंगावरचं एकेक काम त्याच्याकडे गेलं. सूचना तिकडे, सहलीची यादी तिकडे. मी कोरडा पडलो. खरं सांगू? मला त्या काचेच्या तोंडाचा हेवा वाटायचा.

पण ताई बेफिकीर नव्हती. तिचे नियम कडक होते. मुलांची नावं वेबसाइटवर टाकायची नाहीत. चेहरे दाखवायचे नाहीत, फोटो काढायचाच तर पाठमोरा. आणि टाकण्याआधी फोटो दोघांनी बघायचा, एक ती आणि एक काका.

एकच गोष्ट तिने माझ्याकडे राहू दिली. कोणतं मूल कुणाबरोबर घरी जाणार, किती वाजता, आणि मोठ्या माणसाचा फोन नंबर. "हे त्या वेबसाइटवर कधीच जाणार नाही," ताई म्हणाली. काकांनी माझ्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने चौकट आखली आणि वर लिहिलं, 'हा कोपरा पुसू नये'. चौकटीतली नावं खडूने लिहायची आणि दर बुधवारी गिरवायची, म्हणजे पुसट होणार नाहीत. मला पुन्हा कडी बसवल्यासारखं वाटलं.

त्या चौकटीत एक नाव होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. एकदा सांगून बसलोय. तिला सगळे टिटवी म्हणायचे, कारण ती आली की खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज उरत नसे. तिची आई शिवणकाम करायची. नाव घालायला आली तेव्हा तिने ताईला बाजूला घेतलं, म्हणजे नेमकं माझ्यासमोर उभं केलं.

"एक माणूस आहे," ती हळूच म्हणाली. "आम्ही कुठे राहतो ते त्याला कळता कामा नये. हिचा चेहरा नको, नाव नको. बाकी काही मागत नाही मी."

"नाही येणार," ताई म्हणाली. चौकटीत तिने लिहिलं, टिटवीचं खरं नाव, 'फक्त आई, साडेसहा, दुसऱ्या कुणाकडे सोडू नये'. खाली नंबर.

आणि मग तो बुधवार आला. टिटवीने माझ्यावर रंगीत खडूंनी एवढं मोठं जहाज काढलं की शिडं माझ्या वरच्या कडेला टेकली. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याकडे डोळे भरून बघत होतं. मी फुगलो.

"ताई, याचा फोटो टाका ना!"

"टाकू. पण पाठ माझ्याकडे हवी, नियम ठाऊक आहे ना? सगळ्यांनी तोंडं जहाजाकडे."

मुलं ओळीने वळली. दहा पाठी, दहा वेण्या-केस-टोप्या. मुलं घरी गेल्यावर ताईने काकांना हाक मारली. "बघता का एकदा?"

काकांनी चष्मा न लावताच मान पुढे केली. "सगळ्यांच्या पाठीच आहेत ना? मग टाक."

चेहरे दिसू नयेत म्हणून मुलांना वळवलं, आणि ती वळली माझ्याकडे. फोटोत चेहरा दिसत होता तो एकट्या माझा. समोरच्या पडद्यावर मी स्वतःला बघितलं. जहाज सुंदर आलं होतं. त्याच्या उजव्या बाजूला, शिडाच्या खाली, पांढऱ्या चौकटीत सगळी नावं कोवळ्या उन्हातल्या दगडांसारखी एकेक मोजता येतील इतकी ठळक उमटली होती. त्या दिवशीच तर गिरवली होती.

मी ओरडलो असतो. पण मी फळा.

बुधवारची रात्र गेली, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. खोलीला कुलूप होतं. खाली दुकानात कुणी घंटी वाजवून बघितली तरी माझी फळी न् फळी ताठ व्हायची. वाटायचं, आत्ता कुणीतरी कुठेतरी तो फोटो मोठा करून वाचत असेल.

शनिवारी टिटवीने आपलं जहाज बघायला संगणकावर फोटो उघडला आणि तिची बडबड मधेच थांबली.

"ताई, माझं नाव दिसतंय. आणि आईचा नंबर."

ताई धावत आली. बघितलं. तीनदा चुकीचं बटण दाबलं, चौथ्यांदा फोटो वेबसाइटवरून निघाला. मग तिने चौकटीतली यादी एका वहीत उतरवली, फडकं भिजवलं आणि सगळं पुसून काढलं.

"किती जणांनी पाहिला?" काकांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"कोण कोण?"

"ते कळत नाही, काका."

काका स्टुलावर बसले. "काढलास ना? मग झालं. तिच्या आईला कशाला सांगतेस? उगाच घाबरेल."

"तिला घाबरायला वेळ तर मिळू दे."

"अगं, साडेसहाला येईलच की ती. तेव्हा सावकाश..."

"तिची साडेसहाची वेळ आता एकेचाळीस जणांना ठाऊक आहे," ताई म्हणाली आणि तिने फोन लावला.

टिटवीची आई पाच-दहा मिनिटांत आली. गळ्यात मापाची टेप तशीच, पदराला टाचण्या. तिने ताईचं सगळं ऐकून घेतलं.

"मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

"हो."

"पाठमोरी उभी केलीत पोरांना. आणि तोंड कुठे? त्या फळ्याकडे."

"हो. चूक माझी आहे. बघायला हवं होतं मी."

"चष्मा माझ्या खिशात होता," काका पुटपुटले.

आईने माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, मी रंध्याखाली गेलोय, माझ्यात स्क्रू गेलेत. पण तसं काही कधी टोचलं नव्हतं.

"आई, जहाज माझं होतं," टिटवी बारीक आवाजात म्हणाली.

"चल," आई म्हणाली. दोघी मागच्या जिन्याने गेल्या.

ताईने बाकीच्या नऊही घरी फोन केले. यादीच नको, असं काही ठरलं नाही, यादी लागतेच. ती त्या वहीतच राहिली आणि वही कुलपाच्या कपाटात गेली. माझ्या कोपऱ्यात नुसती रिकामी चौकट राहिली आणि वर काकांचे पांढरे शब्द.

पुढच्या बुधवारी, बरोबर साडेसहाला, जिना वाजला. जड पावलं, अनोळखी. मुलं अजून खोलीत होती. ताई उठून दारात उभी राहिली, काकांनी हातोडीवर हात ठेवला. मी माझी कडी शोधत होतो. तिथे फक्त खडूचे तुकडे.

"खाली दुकानात कुणी नाही," तो माणूस म्हणाला. "जरा हवा भरायची होती."

काका त्याच्याबरोबर खाली गेले. ताई हसली, आणि हसता हसता खुर्चीत बसली.

महिनाभर टिटवी आली नाही. खोलीत सगळ्यांचे आवाज ऐकू येऊ लागले, आणि ते कुणालाच आवडलं नाही. मग एका संध्याकाळी तिची आई एकटीच आली. नंबर बदललाय म्हणाली. "तो माणूस अजून तरी आलेला नाही. उद्याचं मला माहीत नाही."

ताईने तिला कपाट दाखवलं, वही दाखवली. नव्या नाटकाचा छापून आणलेला फोटो दाखवला, वेबसाइटवर अजून न टाकलेला. "आता काका चष्मा लावून बघतात. मी कोपरे बघते, मागची भिंत बघते. यात काही नाहीये."

आईने फोटो नाकाजवळ धरला. उसवलेला टाका शोधावा तशी नजर एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत नेली. "हे काय? खिडकीतून दुकानाची पाटी दिसतेय. नाव आहे, गल्ली आहे."

ताईचा चेहरा उतरला. आईने फोटो खाली ठेवला. मला वाटलं, आता ही उठणार आणि पुन्हा कधी येणार नाही.

"इथून पुढे फोटो आधी मी बघणार," ती म्हणाली. "मग तुम्ही दोघं. आणि पोरीला सोडायला-न्यायला मी येईन, पण वेळ कुठे लिहायची नाही. बोलून ठरवायची."

शनिवारी टिटवी आली. काकांनी काचकागद घेऊन माझा उजवा कोपरा घासायला घेतला. ऑइलपेंट चिवट, सहज निघेना. टिटवीने ओलं फडकं घेतलं, काका घासतील तसं ती पुसत गेली आणि पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने म्हणू लागली, काळं अंगण पुसू या. चौकट गेली, वरचे शब्दही गेले. तिथे लाकूड उघडं पडलंय, दाराचं जुनं लाकूड. त्यावर तिने तिच्या जहाजाचा नांगर काढला. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

मित्रांनो, तुमच्याही गटाची वेबसाइट असेल. तिथे तुमचं जहाज जरूर लावा. पण फोटो काढाल तेव्हा मुलांच्या मागे काय आहे, पुढे काय आहे, खिडकीबाहेर काय आहे, तेही बघा. तिथे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्यावरचं आधी वाचा. त्याला तुम्हाला थांबवता येत नाही. आणि चूक झालीच, तर ज्याचं नाव उघडं पडलं त्याला आधी सांगा.

ते एकेचाळीस जण कोण होते ते मला अजून माहीत नाही. बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच असतील, जहाज बघून पुढे गेलेले. तरी बुधवारी साडेसहाला जिना वाजला की मी अजून कडी शोधतो.